देवीच्या नावाचं कुलूप

मी एक जुनी वही आहे आणि मला त्याची तिळमात्र लाज वाटत नाही. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्याकडे बघून नाक मुरडणारे मला फार भेटले. 'कागदावर पासवर्ड लिहितात का कुणी?' म्हणत मान हलवणारे तर पैशाला पासरी. मान हलवा, खुशाल हलवा. पण आधी माझी हकीकत ऐका.

कर्नाटकातल्या गुळेदगुड्ड गावच्या एका विणकराच्या घरात माझा जन्म झाला. रुद्रप्पा हे त्याचं नाव. त्यानं चौकटींच्या कागदाचे दोन दस्ते आणले, जाड दोऱ्यानं शिवले, खळ लावून पुठ्ठा चिकटवला आणि वर घरच्याच हिरव्या खणाचा तुकडा चढवला. बादामीच्या बाजारातल्या गुळगुळीत डायऱ्या माझ्यापुढं पाणी भरतील, असं तो म्हणायचा. मी ते तेव्हाही खरं मानलं आणि आजही मानते.

नक्षी सांभाळणं हे माझं काम. खणावरचं बारीक फूल उमटायला कुठल्या फेरीत कुठले धागे उचलायचे, ते रुद्रप्पा चौकटी भरून माझ्यावर उतरवायचा. आमच्या गल्लीत नक्षी म्हणजे घराची अब्रू. शेजारणीला मीठ देतील, तूप देतील, तिच्या बाळंतपणाला धावतील, पण नक्षीचा कागद दाखवणार नाहीत. रुद्रप्पा तर त्याहून पक्का. तो माझ्यावर सगळं उलटं लिहायचा. शेवटची फेरी पानाच्या माथ्यावर, पहिली फेरी तळाला, आणि प्रत्येक ओळ उजवीकडून डावीकडे. कुणी चोरून बघितलंच, तर त्याच्या मागावर फुलाऐवजी चिखल उमटावा. घरातल्या सगळ्यांना तसंच लिहायची, तसंच वाचायची सवय होती. सून काशव्वा लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच महिन्यात तिनं तीन हात कापड वाया घालवलं. मग तिचाही हात वळला.

रुद्रप्पा गेला आणि माझे दिवस फिरले. त्याचा मुलगा संगण्णा विणायला वाघ, पण नवी नक्षी काढायचा त्याला कंटाळा. चार नक्ष्या तोंडपाठ होत्या, त्याच तो विणत राहिला. मला उघडायचं कारणच उरलं नाही. एका उन्हाळ्यात पाण्याचा माठ डुगडुगायला लागला, तेव्हा संगण्णानं मला उचललं आणि माठाखाली टेकू म्हणून सरकवलं. ज्या वहीला रुद्रप्पा हात धुतल्याशिवाय शिवत नव्हता, तिच्या डोक्यावर घागरभर पाणी. राग आला का म्हणून विचारता? आला. अजून गेलेला नाही.

मग घरात फोन आला. काशव्वाचा भाचा महांतेश बंगळुरूला संगणकाच्या कंपनीत आहे. दिवाळीला आला असताना त्यानं अत्तीला फोनवर दुकानाचं एक पान उघडून दिलं. आत्याला आमच्याकडे अत्ती म्हणतात. काशव्वा चौथी शिकलेली, पण जिभेला धार. माग चालू असताना ती फोनसमोर उभी राहून खण दाखवायची, सोलापूर-सांगलीच्या बायकांशी मोडक्यातोडक्या मराठीत गप्पा मारायची आणि कुणी घासाघीस केली की तिथल्या तिथं झापायची. बायकांना ते आवडलं. चार वर्षांत दोन हजार गिऱ्हाइकं झाली. मधल्या व्यापाऱ्याच्या पायऱ्या झिजवणं बंद झालं आणि लेक सुवर्णा हुबळीला नर्सिंग शिकायला गेली. हे सगळं त्या पानाच्या जिवावर.

पण एक पान म्हटलं की त्याच्यामागं वरात येते. पानाला मेल लागतो, पार्सलवाल्याकडं नाव नोंदवावं लागतं, विणकर कार्ड, गॅस, वीज, बँक. प्रत्येक जण दारात उभं करून विचारणार, पासवर्ड काय? आणि त्याला आमच्या गल्लीचं उत्तर ठरलेलं. चौकात मोनेशचं फोनदुरुस्तीचं दुकान आहे, तोच सगळ्यांची खाती उघडून द्यायचा. काशव्वा त्याच्याकडं गेली तेव्हा मला पिशवीत घालून कुणी नेलं नव्हतं, पण ती घरी येऊन कौतुकानं सांगत होती ते मी माठाखालून ऐकलं.

"मोनेश म्हणाला, पासवर्ड काय ठेवू अक्का? मी म्हटलं, बनशंकरी ठेव, पुढं एक दोन तीन. तो हसायला लागला. म्हणे, सत्तर घरं झाली, सगळ्यांचा हाच आहे. मी म्हटलं, मग बरंच की. आपल्या देवीचं नाव आहे, हात लावायची कुणाची छाती आहे?"

ऐकलंत? नक्षीचा कागद सख्ख्या जावेला न दाखवणारी ही माणसं, आणि सत्तर घरांना एकच किल्ली. शिवाय मेल असो, बँक असो, गॅस असो, सगळीकडं तीच. देवीवर माझाही विश्वास आहे. पण बनशंकरीनं कुणाच्या मेलवर पहारा द्यायचं कबूल केल्याचं मी तरी कधी ऐकलं नाही.

महांतेशनं त्या दिवाळीत एक काम चांगलं केलं. मेलला त्यानं दुसरं कुलूप घातलं. पासवर्ड टाकला तरी फोनवर आलेला आकडा दिल्याशिवाय दार उघडायचं नाही. आणि फोनच हरवला तर म्हणून पडद्यावर आठ-आठ आकड्यांच्या दहा ओळी आल्या. त्यातली कुठलीही एक ओळ एकदा चालणार. पानालाही असंच कुलूप घालायचं होतं, पण बसची वेळ झाली. त्यानं त्या दहा ओळींचा फोटो काढला आणि म्हणाला, "झालं, फोटो आहे तुझ्या फोनमध्ये."

काशव्वानं माठ उतरवला आणि मला बाहेर ओढलं.

"अत्ती, हे काय?"

"वही. पुन्हा लागणारं काहीही आम्ही वहीत लिहितो."

"ही चुलीत घाल. कागदावर असलं कुणी लिहीत नाही आता."

"तुझा फोटो फोनपाशी, माझी वही माझ्यापाशी," ती म्हणाली आणि रुद्रप्पाच्या शेवटच्या नक्षीनंतरच्या कोऱ्या पानावर तिनं दहाही ओळी उतरवल्या. वहीला हात लागला तसा हात आपोआप घरच्या वळणावर गेला. लिहून झालं आणि माझ्या डोक्यावर पुन्हा माठ आला. चार वर्षं मी त्या ओळी पोटात घेऊन बसले. मेल उघडायची कुणाला गरजच पडली नाही. मधे तो फोन संगण्णाच्या खिशातून रंगाच्या पातेल्यात पडला, फोटो गेला, जुना नंबरही बंद झाला. नवा फोन आला, नवा नंबर आला. मेलला हे सांगायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

संक्रांतीला तीन आठवडे होते. हळदीकुंकवाच्या खणांचे दिवस, दोन्ही माग चालू. सोमवारी सकाळी सांगलीच्या एका बाईंचा फोन आला. "काशव्वा, तुमच्या नव्या नंबरवर चार दिवसांपूर्वी पैसे पाठवले. उत्तर का देत नाही?"

"माझा नवा नंबर?" काशव्वा म्हणाली आणि तिनं पान उघडायला घेतलं. पासवर्ड चुकीचा. पुन्हा टाकला. चुकीचा. बाईंच्या फोनवर मात्र पान दिसत होतं. काशव्वाचे खण, काशव्वाचा फोटो, आणि खाली कुणा परक्याचा नंबर. तिच्या तोंडचं पाणी पळालं. दुपारपर्यंत आणखी अकरा फोन आले. शेवटच्या बाईनं तिला सरळ लबाड म्हटलं. काशव्वा फोन ठेवून रडली, आणि लग्न होऊन आल्यापासून तिला रडताना मी पहिल्यांदा ऐकलं.

संगण्णा मागाच्या खड्ड्यातून, म्हणजे विणकर पाय सोडून बसतो तिथून, बाहेर आला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "पान गेलं तर संक्रांतीनंतर माग उकलायचे. महांतेशच्या इमारतीत वॉचमन हवा आहे म्हणत होता ना. मी जातो."

एवढंच बोलून तो परत खड्ड्यात उतरला. मी त्याच्या बापाची वही आहे, मित्रांनो. ते माग उकललेले बघायला मी शिल्लक राहायचं, याची मला चीड आली.

आता काशव्वाचं डोकं कुठं जावं? शेजारी. भिंतीपलीकडं गंगव्वा राहते, तीही खण विकते, तिचंही पान आहे. काशव्वानं पदर खोचला आणि अंगणातून आवाज चढवला. "माझा पासवर्ड तुला ठाऊक होता, गंगव्वा. नाही म्हण."

"ठाऊक होताच की," गंगव्वा भिंतीपाशी आली. "तुला माझा नाही ठाऊक?"

"तुझा कुठला?"

"तुझाच आहे तो. माझा, तुझा, त्या मोनेशच्या सासूचासुद्धा."

"मग चोरी तूच केलीस."

गंगव्वा भिंतीपासून मागं सरली. "पंचवीस वर्षं मी तुझ्या घरात आपलं घर समजून वावरले, काशव्वा. आता बोलू नकोस माझ्याशी." ती आत गेली आणि तिनं कडी लावली. भर दिवसा कडी लावायची आमच्या गल्लीत रीत नाही.

गुरुवारी सकाळी महांतेश बसनं आला. आल्या आल्या त्यानं चौकशी केली आणि कळलं की बुधवारी गंगव्वाचंही पान गेलं होतं, आणि गल्लीतल्या आणखी तीन घरांची खाती. पावसाळ्यात कुठल्याशा जाहिरातवाल्यानं नाव नोंदवणाऱ्यांना सोडतीत मिक्सर देतो म्हटलं होतं. मिक्सरच्या आशेनं काशव्वासकट अर्ध्या गल्लीनं तिथं नाव, मेल आणि बनशंकरीचा पासवर्ड भरला. मिक्सर कुणालाच मिळाला नाही. ती यादी मात्र फुटली.

"अत्ती, चोर इथला नाही," महांतेश म्हणाला. "हजार कोसांवर बसला असेल कुठंतरी. त्याला एक किल्ली सापडली, त्यानं ती सगळ्या दारांना लावून बघितली. जिथं लागली तिथं आत शिरला."

काशव्वा उंबऱ्यावर बसली. "म्हणजे गंगव्वा नव्हती."

"गंगव्वा कशी असेल? तिचंच पान गेलंय."

मला वाटतं, पान गेल्यापेक्षा हे तिला जास्त लागलं.

महांतेशनं पुढचं सांगितलं. पान चालवणाऱ्या कंपनीकडून काशव्वाच्या मेलवर एक पत्र आलेलं असणार. नंबर तुम्ही बदलला नसेल तर इथं दाबा, पान परत देतो, असं ते पत्र. पण त्याला मुदत असते. आज शेवटचा दिवस असेल किंवा उद्याचा. चोर मेलमधेही घुसायला गेला होता, पण तिथल्या दुसऱ्या कुलपानं त्याला अडवलं. गंमत अशी की आता त्याच कुलपानं काशव्वालाही अडवलं. आकडा जाणार जुन्या नंबरवर, आणि जुना नंबर बंद.

"त्या दहा ओळी हव्यात," महांतेश म्हणाला. "मी फोटो काढला होता."

"तो फोन रंगात पडला."

महांतेश हात चोळत बसला. काशव्वा उठली, माठ उतरवला, मला उचललं, पदरानं पुसलं आणि त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं 'चुलीत घाल' म्हटल्याचं त्याला आठवलं असावं, कारण तो मान वर न करता पानं उलटू लागला. मी मनात म्हटलं, बघ बाबा, नीट बघ.

त्यानं पहिली ओळ टाकली. चुकीची. दुसरी टाकली. चुकीची.

"अत्ती, तू आकडे चुकीचे उतरवलेस," तो वैतागून म्हणाला. "म्हणूनच मी कागद नको म्हणत होतो. अजून एकदा चुकलं तर दिवसभर उघडायचं नाही, आणि उद्या ते पत्र असेल-नसेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी चूक? चार वर्षं डोक्यावर पाणी वाहून एक आकडा पुसू दिला नाही मी. पण वहीला तोंड नसतं. काशव्वा घाबरून घामाघूम झाली होती, तिला काही सुचेना. महांतेशचं बोट तिसऱ्या ओळीवर आलं.

खड्ड्यात संगण्णा विणत होता. त्यानं पाय थांबवला आणि विचारलं, "कुठून वाचतोयस?"

"म्हणजे? वरून. डावीकडून."

"आमच्या घरात असं कोण वाचतं?" संगण्णा म्हणाला.

काशव्वानं कपाळावर हात मारला आणि मला महांतेशच्या हातातून ओढून घेतलं. तळाच्या ओळीवर उजव्या टोकाला बोट ठेवून ती एकेक आकडा सांगू लागली. आठ आकडे झाले. मेल उघडला. पत्र होतं. त्याची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी संपणार होती.

पान परत आलं तेव्हा महांतेश हसला, काशव्वा पुन्हा रडली आणि संगण्णानं धोटा मारायला सुरुवात केली. काही तासांतच काशव्वानं गिऱ्हाइकांना झाला प्रकार सांगितला, स्वतःच्या तोंडानं, माफी मागून. पन्नासेक बायका परत आल्या नाहीत, त्याला इलाज नाही. बाकीच्यांना संक्रांतीचे खण वेळेवर गेले. माग उकलायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

मग महांतेशनं सगळी खाती ओळीनं उघडली. काशव्वाला त्यानं एवढंच सांगितलं, की प्रत्येकाला वेगळा पासवर्ड, लांबलचक, एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून. देव, नवरा, लेक, जन्मतारीख यातलं काही नको. तिला ते लगेच पटलं. दोन खणांना एक नक्षी ठेवत नाही तर दोन खात्यांना एक पासवर्ड कसा, असं तीच म्हणाली. पानालाही दुसरं कुलूप बसलं. जुन्या नंबरच्या जागी सगळीकडं नवा गेला. जुन्या दहा ओळी मोडीत निघाल्या, नव्या माझ्यावर आल्या. महांतेशनं फोनमधे पासवर्डांची एक तिजोरीही बसवून दिली, आणि त्या तिजोरीची एकुलती एक मोठी किल्ली माझ्यावर लिहिली गेली. कशी लिहिली ते विचारू नका. नमुन्यादाखल एखादा पासवर्ड सांग, असं मनात आलं असेल तर तेही सोडा.

महांतेशनं माझी माफी मागितली नाही. जाताना एवढं म्हणाला, "कागद वाईट नसतो अत्ती, उघडा पडलेला कागद वाईट." हे मला मान्य आहे. माठाखाली कुणीही मला उचलून नेलं असतं, हे खरंच आहे. आता मी लोखंडी पेटीत असते, कुलपात. फोनच्या मागं चिकटवलेली चिठ्ठी, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला पासवर्ड, ही माझी नातलग नव्हेत. मला त्यांच्यात मोजू नका.

पण अजून एक काम राहिलं होतं. शुक्रवारी दुपारी काशव्वा ताज्या भाकरी आणि भरली वांगी घेऊन शेजारी गेली आणि थोड्याच वेळात गंगव्वाला हाताला धरून आमच्या घरी घेऊन आली. पेटीसमोर दोघी बसल्या.

"तुझं पान आणायला महांतेश आज थांबलाय," काशव्वा म्हणाली.

"चोराचं पान कशाला आणता?"

"माझं चुकलं, गंगव्वा. चार दिवस मी तुला चोर म्हटलं आणि एकदाही माझी जीभ अडखळली नाही. लाज वाटते मला."

गंगव्वानं नाक पुसलं. "ते जाऊ दे. नवा पासवर्ड काय ठेवलास? चांगला असेल तर मीही तोच ठेवते."

"नाही सांगणार."

"म्हणजे अजून चोरच समजतेस."

काशव्वानं पेटी उघडली आणि मला बाहेर काढलं. "ऐक. पासवर्ड तुला काय, देवीलाही सांगणार नाही. तूही तुझा मला सांगायचा नाही. पण ह्या पेटीची किल्ली कुठं असते ते ऐकून ठेव." तिनं वाकून तिच्या कानात सांगितलं. "आमच्या ह्यांना सांगितलेलं नाही. ते चहाच्या गाड्यावर बोलून बसतील. उद्या मला काही झालं तर तू ही वही काढायची आणि सुवर्णाच्या हातात द्यायची. तोवर उघडायची नाही."

गंगव्वानं मला दोन्ही हातांत घेतलं, मांडीवर ठेवलं, पदराच्या टोकानं पुठ्ठा पुसला. एक पानसुद्धा उघडलं नाही. मग तिनंच मला पेटीत ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली जागेवर ठेवून आली.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी कुणी वहीत पासवर्ड लिहून ठेवत असेल तर त्या वहीला हसू नका. तिला कुलपात ठेवा, तिच्यातलं प्रत्येक कुलूप वेगळं करा, आणि एका तरी भरवशाच्या माणसाला ती कुठं आहे ते सांगून ठेवा. माझं म्हणाल, तर माझी काळजी करू नका. आता माझ्यापर्यंत पोचायचं म्हणजे आधी गंगव्वाला ओलांडावं लागेल, आणि ते अजून कुणालाच जमलेलं नाही.